अस्तराची आठवण

एकदा मूठ घट्ट वळा आणि उघडा. तेवढ्यात एका हाताच्या बोटांचे १४ सांधे हलले, पण आवाज झाला नाही, घर्षण जाणवले नाही, आपले लक्षही गेले नाही. हाडाच्या टोकावर गुळगुळीत कूर्चा असते आणि दोन कूर्चांमध्ये बुळबुळीत वंगण असते. हे वंगण अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे दिसते, म्हणून सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या स्विस वैद्याने त्याला ‘सायनोव्हिया’ हे नाव दिले असे मानतात. निरोगी गुडघ्यातसुद्धा ते चहाच्या चमचाभर भरत नाही. एवढ्याशा वंगणावर माणूस जन्मभर चालतो.

हे वंगण तयार करणारा थर म्हणजे सांध्याचे अस्तर, सायनोव्हियम. कोटाला आतून जसे अस्तर लावतात तसे ते सांध्याच्या पिशवीला आतून असते. त्याचा अगदी वरचा पदर जेमतेम एक ते तीन पेशींच्या जाडीचा असतो. त्यात मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी राहतात. एक भक्षक पेशी, ज्या सांध्यातला केरकचरा गिळून टाकतात. दुसऱ्या तंतुपेशी, म्हणजेच फायब्रोब्लास्ट. वंगणाला चिकटपणा देणारे हायालुरोनान आणि कूर्चेला निसरडे ठेवणारे ल्युब्रिसिन या तंतुपेशी बनवतात. हे प्रकरण त्यांच्याविषयी आहे. वैद्यकाने बराच काळ त्यांना भिंतीतल्या विटांइतकेच महत्त्व दिले. माझ्या मते रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या इतिहासातली ती मोठी चूक होती.

मराठीत या आजाराला आमवात म्हणायची पद्धत आहे. ‘माधवनिदान’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात आमवातावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यातले वर्णन आजच्या रुग्णाशी ओळीओळीने जुळत नाही, पण नाव रुळले आहे. घरात मात्र कोणी आमवात म्हणत नाही. ‘सकाळी बोटं आखडतात’, ‘मूठ वळत नाही’, ‘पीठ मळायला हात चालत नाही’ असेच शब्द ऐकू येतात. उन्हे वर आली की बोटे जरा सुटतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली. तेव्हा साधारण दर दोनशे प्रौढांमागे एकाला हा आजार आढळला. जगातला आकडाही अर्धा ते एक टक्का असाच आहे. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन ते तीन पट अधिक होतो.

शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, ही या आजाराची सर्वांना माहीत असलेली व्याख्या. ती खरी आहे, पण अपुरी आहे. का अपुरी, हे कळण्यासाठी आधी जनुकांची अभिव्यक्ती म्हणजे काय ते पाहायला हवे.

तहसील कचेरीतून सातबाराची नक्कल काढलेल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. मूळ दप्तर कचेरीबाहेर जात नाही. ज्याला जो उतारा हवा त्याची नक्कल निघते आणि पुढचे काम त्या नकलेवर चालते. पेशीचे केंद्रक ही अशीच कचेरी आहे. तिथल्या डीएनएच्या दप्तरात प्रथिने बनवण्याच्या सुमारे २०,००० जनुकांचे कागद आहेत. डोळ्यातली पेशी असो, यकृतातली असो की गुडघ्याच्या अस्तरातली, दप्तर तेच. फरक पडतो तो कोणत्या कागदाच्या किती नकला बाहेर पडतात याने. या नकला म्हणजे संदेशवाहक आरएनए. अस्तरातली पेशी ल्युब्रिसिनच्या नकला भराभर काढते, दुसऱ्या अनेक पेशी तो कागद उघडतही नाहीत. पेशीतल्या सगळ्या नकला मोजल्या तर ती त्या घडीला काय करते आहे ते कळते. अभिव्यक्ती मोजणे म्हणजे हेच.

मूळ कागद एकच असले तरी माणसे सारखी आजारी पडत नाहीत, याचा साक्षात पुरावा जुळ्यांनी दिला. १९९३ साली ब्रिटनमध्ये ज्यांच्यातल्या एकाला तरी रुमॅटॉइड आर्थ्रायटिस होता अशा जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांमध्ये एकाला आजार असताना दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण होते १५.४ टक्के. वेगवेगळ्या बीजांच्या जुळ्यांमध्ये ते ३.६ टक्के होते. म्हणजे आनुवंशिकतेचा हात नक्की आहे. पण अक्षर न् अक्षर सारखे दप्तर असूनही सुमारे पंच्याऐंशी टक्के जोड्यांमध्ये दुसरा भाऊ किंवा बहीण त्या आजारातून सुटलेली होती. धूम्रपान, जंतू, हार्मोन्स, नशीब अशी बरीच कारणे त्यामागे असतील. शेवटी ती सगळी एकाच ठिकाणी येऊन मिळतात: कोणते कागद उघडले गेले आणि कोणते बांधलेलेच राहिले.

आजार जडला की अस्तर ओळखू येत नाही. एक ते तीन पेशींचा पदर दहा-दहा पेशींचा होतो. त्याच्याखाली नव्या रक्तवाहिन्या फुटतात, लिम्फोसाइट पेशींचे पुंजके जमतात, आणि जाड झालेले अस्तर कडेने कूर्चेवर सरकू लागते. या सरकत्या थराला ‘पॅनस’ म्हणतात. लॅटिनमध्ये पॅनस म्हणजे कापड. ओले फडके अंथरावे तसे ते कूर्चेवर पसरते आणि तिला खात जाते. १९९७ साली अमेरिकेत काचेच्या पट्टीवर ९६ जनुकांचे नमुने बसवून अशा सांध्यातला ऊतक तपासला गेला. नकला मोजण्याचे मायक्रोअॅरे तंत्र ज्या आजारांवर सुरुवातीलाच वापरले गेले त्यांत हा आजार होता. कूर्चा कातरणाऱ्या एमएमपी गटातल्या विकरांचे आणि इंटरल्यूकिन-६ या दाहक संदेशाचे कागद तिथे जोरात चालू असल्याचे दिसले. पण तो नमुना अनेक पेशींचा मिळून झालेला काला होता. नकला नेमक्या कोणाच्या घरातल्या, हे त्यातून उमगत नव्हते.

त्या आधीच, १९९६ मध्ये, एका प्रयोगाने विचाराची दिशा बदलायला हवी होती. तो सविस्तर सांगण्याजोगा आहे. स्टेफेन गाय आणि उल्फ म्युलर-लाडनर या संशोधकांच्या गटाने रुग्णांच्या सांध्यातून अस्तराच्या तंतुपेशी काढल्या आणि त्या प्रयोगशाळेत वाढवल्या. मग जन्मतःच संरक्षण यंत्रणेतल्या टी आणि बी पेशी नसलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली या पेशी आणि निरोगी मानवी कूर्चेचा तुकडा शेजारी शेजारी ठेवला. तिथे चिथावणी द्यायला टी पेशी नव्हत्या, बी पेशी नव्हत्या, रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडेही नव्हती. साधारण दोन महिन्यांनी तुकडा बाहेर काढून पाहिला, तर त्या पेशी कूर्चेत घुसल्या होत्या. निरोगी सांध्यातल्या किंवा वयानुसार झिजलेल्या सांध्यातल्या तंतुपेशी तिथे ठेवल्या, तर त्या गप्प राहिल्या.

हे वाचताना मला एखाद्या गावाची आठवण होते. बाहेरून आलेल्या टोळीने तिथल्या पोरांना लूटमार शिकवली, पुढे टोळी निघून गेली, पण शिकवलेले राहिले. २००९ मध्ये याच परंपरेतल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. उंदराच्या एका बाजूला आजारी पेशी आणि कूर्चा ठेवली, दुसऱ्या बाजूला नुसती कूर्चा. काही काळाने आजारी पेशी रक्तातून वाट काढत त्या दुसऱ्या कूर्चेपर्यंत पोहोचल्या होत्या. एका सांध्यात सुरू झालेला आजार पुढे अनेक सांध्यांत का पसरतो, याचे एक उत्तर इथे असू शकेल.

शरीराबाहेर काचेच्या बशीत, कित्येक पिढ्यांनंतरही या पेशी आपला स्वभाव सोडत नाहीत, मग हा स्वभाव कुठे लिहिलेला असतो? कागदांवरची अक्षरे तर बदललेली नाहीत. इथे मला पुण्याचे पेशवे दप्तर आठवते. तिथे जुने कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रुमाल सोडला तरच आतला कागद वाचता येतो. पेशीतही डीएनए असाच गुंडाळून, बांधून ठेवलेला असतो, आणि कोणता रुमाल घट्ट राहील हे ठरवणाऱ्या खुणांपैकी एक म्हणजे मिथाइल गट. जनुकाच्या सुरुवातीला या खुणांची दाटी असली की सहसा त्याच्या नकला निघत नाहीत. २००९ मध्येच गाय यांच्या झुरिचमधल्या गटाने दाखवले की रुग्णांच्या तंतुपेशींत या खुणा एकंदरीने कमी झालेल्या असतात. नंतर त्यांनी उलटी परीक्षा घेतली. निरोगी तंतुपेशींना मिथाइलच्या खुणा पुसणारे रसायन दिले, आणि त्या आजारी पेशींसारख्या वागू लागल्या. एकही अक्षर न बदलता, फक्त गाठी सैल करून. पुढे सॅन दिएगोत गॅरी फायरस्टीन यांच्या गटाने या सैल गाठी कोणत्या जनुकांवर आहेत त्याचे नकाशे तयार केले.

यालाच मी अस्तराची आठवण म्हणतो. वर्षानुवर्षे शांत असलेला आजार पुन्हा उसळतो तेव्हा बहुधा जुन्याच सांध्यांतून उसळतो. ‘याच मनगटात पहिल्यांदा दुखलं होतं’ असे रुग्ण सांगतात तेव्हा ते मनाचे खेळ नसतात. एकदा दाह सोसलेली तंतुपेशी दुसऱ्या वेळी अधिक लवकर आणि अधिक जोराने पेटते, हे प्रयोगांत दिसले आहे.

या पेशींना आपला पत्ताही ठाऊक असतो. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस बोटांच्या बुडाचे आणि मधले सांधे धरतो, मनगट धरतो, पण नखाजवळचे शेवटचे पेर बहुधा सोडून देतो. डॉक्टर निदान करताना ही खूण पाहतात. २०१७ मध्ये झुरिचच्याच गटाने वेगवेगळ्या सांध्यांच्या तंतुपेशींमधल्या नकला तपासल्या, तेव्हा हात, खांदा आणि गुडघा यांच्या पेशी सरळ वेगळ्या काढता आल्या. त्या फरकात ठळक होती हॉक्स जनुके. गर्भात डोके कुठे, कंबर कुठे, अंगठा कुठे हे ठरवणारी ही जनुके. गर्भावस्था संपून पन्नास वर्षे झाली तरी गुडघ्याची पेशी ‘मी गुडघ्यातली’ हे विसरत नाही. सगळे सांधे म्हणजे एकच जात, हा समज त्यानंतर टिकला नाही.

मग तंत्र बदलले. काल्याऐवजी एकेका पेशीच्या नकला स्वतंत्र मोजता येऊ लागल्या. २०१८-१९ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या गटांनी रुग्णांच्या अस्तरातल्या हजारो पेशी अशा तपासल्या आणि ‘तंतुपेशी’ या एका नावाखाली वेगवेगळे स्वभाव लपले आहेत हे उघड झाले. वरच्या पदरातल्या पेशी वेगळ्या. त्याखालच्या, रक्तवाहिन्यांच्या आसपास राहणाऱ्या आणि थाय-१ नावाची खूण अंगावर बाळगणाऱ्या पेशी वेगळ्या. इंटरल्यूकिन-६ च्या नकलांचा मोठा साठा या खालच्या पेशींकडे सापडला. २०१९ मध्ये ख्रिस्तोफर बकली यांच्या गटाने उंदरांच्या सांध्यांत या दोन जाती वेगवेगळ्या टोचून पाहिल्या. खालच्या पेशींनी दाह वाढवला आणि टिकवला, पण हाड-कूर्चेला फारसा धक्का लावला नाही. वरच्या पेशींनी दाह न वाढवता हाड आणि कूर्चा पोखरली. सूज आणि झीज हे दोन वेगळ्या हातांचे काम आहे, हे इतके स्वच्छ आधी कोणी दाखवले नव्हते. सूज उतरूनही एक्स-रेमध्ये हाड झिजत गेलेले रुग्ण डॉक्टरांनी पाहिले होते. त्यांना आता कारण मिळाले.

पुढच्याच वर्षी बॉस्टनमधून कळले की खालच्या पेशींना त्यांचा स्वभाव रक्तवाहिनीच्या भिंतीतून मिळणाऱ्या ‘नॉच’ या संदेशाने मिळतो. वाहिनीच्या जितके जवळ, तितका संदेश तीव्र. वाहिनीपासून दूर गेलेली तंतुपेशी वेगळी होते. शेजाराचा परिणाम म्हणतात तो हा.

त्याच वर्षी, २०२० मध्ये, न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या डेना ऑरेंज आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. या साऱ्या संशोधनात मला तो सर्वांत हृद्य वाटतो. हा आजार उसळतो तेव्हा रुग्ण अंथरुणाला खिळतो, दवाखान्यात येईपर्यंत उसळी सुरू झालेली असते, आणि तिच्या आदल्या आठवड्यात शरीरात काय चालले होते ते कधीच हाती लागत नाही. म्हणून त्यांनी रुग्णांनाच घरी बोटाला सुई टोचून रक्ताचे थेंब एका द्रावणात साठवायला आणि पाठवायला सांगितले. चार रुग्ण यात होते. त्यांतल्या एकीने चार वर्षे हे केले. ज्या बोटांत आजार आहे त्याच हातांनी तिने सुई धरली असेल. तिच्या ३६४ नमुन्यांतून आठ उसळ्यांची पूर्वकथा वाचता आली. उसळीच्या दोन आठवडे आधी रक्तात बी पेशींच्या नकला वाढत. त्यानंतर, साधारण एक आठवडा आधी, रक्तात अशा नकला दिसत ज्या रक्तात असायलाच नकोत. त्या सांध्याच्या अस्तराखालच्या तंतुपेशींसारख्या होत्या. उसळी सुरू झाली की त्या रक्तातून नाहीशा होत. संशोधकांनी त्यांना ‘प्राइम’ पेशी म्हटले. त्या रक्तातून सांध्यात शिरत असाव्यात, हा त्यांचा तर्क. उंदराच्या अंगात रक्तावाटे प्रवास करणाऱ्या त्या २००९ च्या पेशींशी हा तर्क किती जुळतो!

आता औषधांकडे. १९८९ मध्ये लंडनमध्ये मार्क फेल्डमन, रविंदर मैनी आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी बशीत वाढवल्या आणि टीएनएफ हा एकच संदेश अडवून पाहिला, तर इंटरल्यूकिन-१ चे उत्पादनही खाली आले. १९९२ पासून टीएनएफ अडवणारे औषध रुग्णांना दिले जाऊ लागले आणि या आजाराचे चित्र पालटले. आज मेथोट्रेक्सेट, टीएनएफविरोधी, बी पेशींवरची, इंटरल्यूकिन-६ वरची अशी औषधे आहेत. पण त्यांतले जवळपास प्रत्येक औषध संरक्षण यंत्रणेला आवरते. तंतुपेशीला थेट हात घालणारे औषध अजून बाजारात नाही. तंतुपेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या कॅडहेरिन-११ या प्रथिनाशिवाय वाढवलेल्या उंदरांना सांध्यांचा हा दाह फारसा होत नाही, हे २००७ मध्ये दिसले तेव्हा मोठी आशा वाटली होती. माणसांवरच्या चाचणीत त्या प्रथिनाविरुद्धचे औषध चालले नाही.

तोवर निदान कोणाला कोणते औषध द्यायचे, हे तरी अस्तराला विचारता येईल का? लंडनमधल्या कॉस्टांटिनो पिट्झालिस यांनी नेमके तेच केले. युरोपातल्या पाच देशांतल्या १६४ रुग्णांच्या सांध्यातून सुईने अस्तराचा कण काढला, आणि मग कोणाला बी पेशींवरचे रिटुक्सिमॅब, कोणाला इंटरल्यूकिन-६ अडवणारे टोसिलिझुमॅब दिले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रुग्णांचे गट पाडले तेव्हा दोन औषधांत ठाम फरक दिसला नाही. आरएनएच्या नकला मोजून गट पाडले तेव्हा दिसला: ज्यांच्या अस्तरात बी पेशींच्या नकला कमी होत्या, त्यांच्यापैकी टोसिलिझुमॅबने ६३ टक्क्यांना गुण आला, रिटुक्सिमॅबने ३६ टक्क्यांना. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. एकामागून एक महागडे औषध सहा-सहा महिने घेऊन पाहणाऱ्या रुग्णासाठी या दोन आकड्यांमधले अंतर फार मोठे आहे. पुढच्या वर्षी त्याच नमुन्यांतून आणखी एक बाब पुढे आली. ज्यांना कोणतेच औषध लागू पडले नाही, त्यांच्या अस्तरात तंतुपेशींच्या जनुकांचा जोर होता.

राहता राहिले दुखणे. काही रुग्णांचे रक्ताचे अहवाल चांगले येतात, सांध्यात दाहक पेशी जवळपास नसतात, तरी ते दुखत असल्याचे सांगत राहतात. ‘सूज नाही तर दुखेल कशाला’ हे वाक्य त्यांनी दवाखान्यात आणि घरी, दोन्हीकडे ऐकलेले असते. २०२४ मध्ये ऑरेंज यांच्याच सहकाऱ्यांनी अशा, कमी दाहाच्या अस्तरांमधल्या नकला रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या वेदनेशी ताडून पाहिल्या. ८१५ जनुकांचा एक गट वेदनेबरोबर वरखाली होत होता. ती जनुके चालू होती मुख्यतः अस्तराच्या वरच्या पदरातल्या तंतुपेशींत. त्यांत नेट्रिन-४ नावाचे एक जनुक होते. नेट्रिन कुळातली प्रथिने चेतातंतूंना वाढण्याची वाट दाखवतात, ही गोष्ट गर्भाच्या अभ्यासातून आधीच माहीत होती. संशोधकांनी रुग्णांच्या तंतुपेशी ज्या द्रवात वाढल्या तो द्रव वेदना वाहणाऱ्या चेतापेशींवर टाकला, आणि त्या चेतापेशींना फांद्या फुटल्या. मग त्यांनी दुखणाऱ्या सांध्यांच्या अस्तराचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. जिथे अस्तर जाड होऊन त्याचे कोंब फुटले होते, तिथे रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने वेदनेचे बारीक तंतू उगवलेले दिसत होते.